लोखंडी पेटीतला घट

याला अनुभव म्हणावं की नुसतं नशीब, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. मी फारसा धार्मिक मुलगा नाही. घरात देवाचं सगळं आईच करायची आणि मी अभ्यासाच्या सबबीवर त्यातून सुटायचो. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, त्यामुळे "त्याचा अभ्यास आहे" हे वाक्य आमच्याकडे सगळ्यांनाच मान्य होतं. पण मागच्या नवरात्रात जे घडलं ते कुणाला तरी सांगावं असं फार वाटतं, म्हणून धीर करून लिहितो आहे.

नवरात्राच्या आठवडाभर आधी आईचा फोन आला. तिच्या पोटात गाठ निघाली होती आणि ती काढायला सोलापूरच्या हॉस्पिटलात तारीख मिळाली होती, ती नेमकी सहाव्या माळेची. गाठ कसली आहे ते काढल्यावरच कळेल, असं डॉक्टर म्हणाले होते. हे सगळं तिनं मला एका दमात, जवळजवळ घाईघाईनं सांगितलं. तिला खरं बोलायचं होतं ते वेगळंच. तपासण्यांसाठी तिला आधीपासून दाखल व्हायचं होतं, बाबा तिच्याजवळ राहणार होते, म्हणजे नवरात्रात बार्शीचं घर बंद. लग्न झाल्यापासून तिचा घट कधी चुकला नव्हता.

"यंदा तू बसव," ती म्हणाली.

"आई, मी इथं अमेरिकेत, आणि त्या दिवसांत तर जंगलात तंबूत असणार आहे."

"मग जंगलात बसव. तिला काय व्हिसा लागतो?"

मी कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात वनशास्त्र शिकतो. त्या शरद ऋतूत आमचं काम एका राष्ट्रीय उद्यानात होतं. काही वर्षांपूर्वी तिथल्या सिक्वोया झाडांच्या जंगलात मोठी आग लागून गेली होती. जळलेल्या जमिनीवर नवी रोपं किती आली आहेत ते आम्ही शोधत होतो. कामाच्या दिवसांत मुक्काम तिथल्याच कॅम्पग्राउंडवर, उंच डोंगरावर. माझ्या जोडीला ईशा होती. ती अमेरिकेतच, एडिसनला वाढलेली, मराठी सगळं समजतं पण उत्तर अर्धंअधिक इंग्रजीत देते आणि मला चिडवायचं असलं की "दादा" म्हणते.

मी इंडियन स्टोअरमधून मातीचा लहान घट, नारळ, विड्याची पानं, गहू आणि जोंधळा आणला. उद्यानातली माती, पानं, फुलं कशालाही हात लावायला परवानगी नसते, म्हणून माती विद्यापीठाच्या ग्रीनहाउसमधून घेतली. परडीऐवजी ॲल्युमिनियमचा पसरट ट्रे. आईनं मला इकडे येताना दिलेली पितळेची बोटाएवढी भवानी होतीच. घट बसवायच्या सकाळी मी तंबूत जागा करून सगळं मांडलं, आणि तेवढ्यात रेंजर फेरीवर आली.

त्या भागात अस्वलं असतात. खायचं किंवा वासाचं काहीही तंबूत ठेवायचं नाही, सगळं लोखंडी पेटीत. तशी एक मोठी पेटी तिथं जमिनीला घट्ट बसवलेली होती, आमच्या आणि शेजारच्या जागेत मिळून एक. रेंजरनं नारळाकडे, धान्याकडे, कापराच्या डबीकडे एकेक करून पाहिलं आणि अगदी नम्रपणे मान हलवली. वर शेकोटीबंदीही होती. स्वयंपाकाची गॅसची शेगडी चालेल, पण तेलातुपाचा जळता दिवा नको.

मला रडूच येईल असं वाटलं. देवीला अशी कडीकोयंड्यात, टूना माशाचे डबे आणि पीनट बटरच्या शेजारी कशी ठेवायची? ईशा मात्र खूश होती. "दादा, धिस इज परफेक्ट! स्वतःचं घर, स्टीलचा दरवाजा, बेअरप्रूफ. आमच्या एडिसनच्या देवळालाही एवढी सिक्युरिटी नाहीये." तिनं पेटीचा डावा कप्पा रिकामा केला, पुसला, आणि बॅटरीवरची एक पिवळी मेणबत्ती आत ठेवून दिली. मी ट्रेमध्ये माती पसरली, धान्य पेरलं, वर घट ठेवला, शेजारी भवानी मांडली, पाणी शिंपडलं, आणि आईनं फोनवर पाठ करून घेतलेलं जेवढं आठवलं तेवढं म्हटलं. मग अपराधी चेहऱ्यानं दार लावलं.

ती सिक्वोयाची झाडं मी तुम्हाला कशी सांगू? आमच्या तंबूजवळ जे होतं त्याच्या बुंध्यात आमचं बार्शीचं घर अंगणासकट मावलं असतं. साल तांबूस आणि मऊ, हात लावला की उबदार वाटायची. वर बघायला लागलं की मान दुखायची पण शेंडा सापडायचा नाही. त्या झाडांखाली सगळे आपोआप हळू आवाजात बोलायचे. मला आमच्या गाभाऱ्याची आठवण यायची आणि मग लगेच पेटी आठवून ओशाळायला व्हायचं.

पहिल्या दोन माळा मी खालच्या गावातून आणलेल्या शेवंतीच्या झाल्या. पुढे फुलं संपली. तिसऱ्या माळेच्या सकाळी पाहतो तर ईशा झाडांवर खुणेसाठी बांधायच्या नारिंगी फितीचे तुकडे चुरगाळून, दोऱ्यात ओवत बसली होती. लांबून हुबेहूब झेंडू. "आजी गणपतीला करायला लावायची," ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तिच्या तोंडून एकही इंग्रजी शब्द नसलेलं अख्खं मराठी वाक्य ऐकायला मिळालं.

पण माती तशीच्या तशी काळी. आईच्या घटात तिसऱ्या माळेला मोड वर आलेले असतात. ज्या वर्षी दाट, पिवळंधमक उगवतं ते वर्ष घराला चांगलं जातं, असं ती मानते. ज्या वर्षी विरळ आलं त्या वर्षी माझे आजोबा गेले होते, हे ती कधी बोलत नाही, पण मला माहीत आहे. डोंगरावर फोन लागायचा नाही. पाचव्या माळेच्या संध्याकाळी, म्हणजे तिच्याकडे ऑपरेशनची सकाळ, मी गाडीनं वरच्या कड्यावर जाऊन तिला फोन करायचा असं ठरलं होतं. ती पहिलं काय विचारणार हे मला पक्कं ठाऊक होतं. "नाही उगवलं" असं ऐकून ती आत गेली तर? आणि खोटं तर मला तिच्याशी कधीच बोलता आलेलं नाही. दिवसभर मी राखेत गुडघे टेकून बोटभर सिक्वोयाची रोपं शोधायचो आणि प्रत्येक रोप दिसलं की वाटायचं, हे इथं जळलेल्या जमिनीतून येतं, मग माझंच का नाही?

तिसऱ्या माळेच्याच संध्याकाळी शेजारच्या जागेत एक म्हाताऱ्या बाई छोटी व्हॅन घेऊन आल्या. एकट्याच. आपला ब्रेड ठेवायला त्यांनी पेटी उघडली आणि दचकून दोन पावलं मागे आल्या. "सॉरी! मी कुणाचं देऊळ उघडलं का?"

मी धावत गेलो, माफी मागितली, सगळं सांगितलं. घट, माळा, आईचं ऑपरेशन, न उगवलेलं धान्य. इतकं अनोळखी माणसाला मी कधी सांगत नाही. त्यांनी देवीचं नाव विचारलं आणि दोन-तीनदा म्हणून पाहिलं. मग दारावर तळवा ठेवून म्हणाल्या, "केवढं गार लोखंड आहे हे. बिचारीला थंडी वाजत असेल."

मी हसलो. मला ते भाबडं वाटलं. रात्री पाणी गोठायला यायचं आणि आम्ही दोघं सगळे कपडे अंगावर घालून झोपायचो, हे खरं. पण देवीला थंडी? त्या मात्र हसल्या नव्हत्या.

चौथ्या माळेला आम्ही उजाडताच कामाला गेलो आणि दिवस कलताना परतलो. व्हॅन गेलेली होती. पेटी उघडली तर ट्रेच्या अंगाला लागून गरम पाण्याची रबरी पिशवी, आणि दोन्हीभोवती लाल लोकरीचा हातानं विणलेला मफलर, अगदी लुगडं नेसवावं तसा गुंडाळलेला. पिशवी अजून कोमट होती. मी तिथंच खाली बसलो. चार दिवस मी देवीची पूजा करत होतो, तिच्यासमोर काळजी करत होतो, पण ती गारठली असेल हे मला एकदाही सुचलं नव्हतं. झोपायच्या आधी मी शेगडीवर पाणी तापवून पिशवी पुन्हा भरली.

सकाळी ती गार पडली होती. भरायला वेळ नव्हता, तसाच निघालो. पाचव्या माळेची ती संध्याकाळ. गाडीची किल्ली हातात घेऊनच मी पेटी उघडली. पिशवी गरम होती. मी ईशाकडे पाहिलं. "डोंट लुक ॲट मी, दिवसभर तुझ्याबरोबर होते ना," ती म्हणाली, आणि मग ओरडलीच, "ओ माय गॉड, दादा, खाली बघ!"

मातीतून मोड वर आले होते. एक नाही, दोन नाही, सगळीकडे. सुईसारखे उभे, आणि पेटीच्या अंधारात वाढल्यामुळे हळदीसारखे पिवळे. मी फोटो काढला. घाईत पहिले सगळे धूसर आले. कड्याकडे जाताना गाडी ईशानंच चालवली.

व्हिडिओ कॉल लागला तेव्हा आई हॉस्पिटलचा हिरवा गाऊन घालून बसली होती. कशी आहेस वगैरे काही नाही. "उगवलं का रे?"

"फोटो पाठवलाय आई. थांब, जातोय."

तो फोटो जाईपर्यंत आम्ही सगळे, पलीकडून बाबाही, वाट पाहत होतो. मग तिचा चेहरा पडद्याच्या अगदी जवळ आला. "अगं बाई, काय पिवळंधमक आलंय! माझ्यापेक्षा चांगलं. कुठं ठेवलास रे?"

"लोखंडी पेटीत. इथं अस्वलं असतात म्हणून."

ती इतकी हसली की बाबांना तिला धरावं लागलं. "म्हणजे देवीला राखण बसलीय म्हण की! बरं, माझं काम झालं. आता पुढचं तिचं आणि डॉक्टरांचं." आणि तिनं फोन बाबांकडे देऊन टाकला, बाजारातून आल्यावर हातातली जड पिशवी देते तसा.

दुसऱ्या सकाळी कामावर जाण्याआधी आम्ही पुन्हा कड्यावर गेलो. बाबा म्हणाले, "बरी आहे. शुद्धीवर आली आणि पहिलं विचारलं, अस्वल आलं होतं का."

पुढेही रोज संध्याकाळी पिशवी गरम मिळत गेली. शेजारची माणसं रोज बदलत होती आणि आमची त्यांची गाठच पडत नव्हती. मी कुणाला विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायची भीती वाटत होती. नवव्या माळेला काम लवकर आटोपलं आणि आम्ही भर दुपारी परतलो. पेटीचं दार उघडं होतं आणि एक दाढीवाला माणूस, खांद्यावर लहान मुलगी, किटलीतून पिशवीत पाणी ओतत होता. मला पाहून तो गोंधळला. म्हणाला, "आमच्या आधी इथं होते त्यांनी जाताना सांगितलं, पेटीतल्या बाई गारठतात, त्यांना रोज गरम पाणी लागतं. त्यांना त्यांच्या आधीच्यांनी सांगितलं होतं. आम्ही बरोबर करतोय ना?"

ईशानं त्याला सांगितलं, अगदी बरोबर.

ज्यांना माझं नाव माहीत नव्हतं, देवीचं नावही बहुधा नीट पोचलं नसेल, अशा माणसांनी तिला एकमेकांच्या हाती सोपवत ऊब दिली होती. मला वाटत होतं की आईचा घट मी एकटा डोक्यावर घेऊन उभा आहे आणि माझ्या हातून पडणार आहे. तो माझ्या एकट्याच्या हातात कधी नव्हताच. याच्या पलीकडे मला काही सिद्ध करायचं नाही. ज्यांना मी भेटलोच नाही त्यांना नमस्कार करायचा राहून गेला, तो इथं करतो.

दसऱ्याला मी धान कापलं. आमच्याकडे ते टोपीत खोवतात. ईशाच्या कामावरच्या हेल्मेटमध्ये, दाढीवाल्याच्या टोपीत, त्याच्या मुलीच्या वेणीत मी एकेक तुरा खोवला. अस्वल मात्र मला शेवटपर्यंत दिसलं नाही. दिवाळीच्या आधी आईचा रिपोर्ट आला. गाठ साधी होती.

मफलर मी कुणाला परत करणार? धुऊन, घडी करून तो आईकडे पाठवला. यंदा तिनं स्वतः घट बसवला आणि व्हिडिओ कॉलवर दाखवला. बार्शीच्या त्या उकाड्यात घटाभोवती तो लाल मफलर नीट गुंडाळलेला होता.

"आई, काढ तो. उकडत असेल तिला."

"असू दे," ती म्हणाली. "तिला आता सवय झाली असेल."