माईक माझा, शब्द भाऊंचे

ओमानमधल्या अमेरातच्या साइटवर रुजू होऊन मला चारच दिवस झाले होते. पाण्याच्या मोठ्या टाक्या बांधायचं काम चालू होतं आणि मी पोर्टाकेबिनमध्ये बसून कामाचं वेळापत्रक तयार करायचो. नाश्त्याच्या सुट्टीत टेबलावरच्या वॉकीटॉकीतून एक खरखरीत आवाज आला, "कल हमारा तीन आदमी मर गया. दो को जिंदा किया. एक मरा हुआ ही बाहर बैठा रहा."

समोर बसलेला सेफ्टी ऑफिसर ओमानी होता, पण हिंदी त्याला उत्तम समजायची. खुर्ची मागे सारून तो हेल्मेट हातात घेऊनच पळाला. मी त्याच्या मागोमाग. दुसऱ्या टाकीजवळ बांधकामाच्या परांचीचे पाइप रचून ठेवलेले होते. त्यांवर एक पन्नाशीचा, आडव्या बांध्याचा माणूस चपाती खात बसला होता आणि आजूबाजूची सात-आठ माणसं हसत होती.

"कौन मरा?" ऑफिसरने विचारलं.

तो माणूस उठून उभा राहिला. उठताना त्याने उजवा गुडघा हाताने धरला. "अर्बाब, कबड्डी में मरा," तो शांतपणे म्हणाला. तिकडे साहेबाला अर्बाब म्हणतात. आणि मग त्याने समजावून सांगितलं, की कबड्डीत बाद झालेला गडी मेला म्हणतात, आणि आपल्याकडच्या कोणी समोरचा गडी मारला की आपला एक मेलेला उठतो. काल संध्याकाळी त्यांचे तीन मेले होते, इतकंच. वॉकीटॉकीवर तो क्रेनवाल्याला निकाल सांगत होता.

ऑफिसरने हातातलं हेल्मेट डोक्यावर चढवलं. मग त्याने ताकीद दिली, की वायरलेसवर मरण्याची भाषा पुन्हा चालणार नाही. आणि जाता जाता विचारलं, "खेळता कुठे?"

परांचीवाल्यांचे हे फोरमन मूळ अलिबागकडचे. सगळी साइट त्यांना भाऊ म्हणायची, मीही म्हणू लागलो. तरुणपणी ते जिल्ह्याकडून खेळले होते. गुडघा गेला तसा खेळ सुटला आणि ते आखातात आले. त्यांच्या टोळीत चार आपल्याकडचे होते, बाकीचे बांगलादेशी आणि पाकिस्तानातल्या पंजाबातले. बांगलादेशी याच खेळाला हाडुडु म्हणायचे. पंजाबी पोरं गावाकडे गोल मैदानात खेळायची, त्यांना 'कबड्डी कबड्डी' म्हणायची सवयच नव्हती. भाऊंनी या सगळ्यांना एक खेळ शिकवला होता, आणि तो शिकवताना मराठी शब्द दिले होते. उंचावर पाइप चढवतानासुद्धा ती माणसं एकमेकांना 'पकड', 'दम धर', 'कोपरा सांभाळ' असं ओरडायची. पेशावरचा एक क्रेन ऑपरेटर मला एकदा म्हणाला होता, "कोपरा हमारा बहुत कमजोर है." मला वाटलं तो टाकीच्या कोपऱ्याबद्दल बोलतोय, आणि मी ते डायरीत लिहूनही घेतलं.

माझा यात शिरकाव झाला तो आवाजामुळे. या साइटवर येण्याआधी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी दोन वर्षं निवेदन केलं होतं. त्या हिवाळ्यात मंडळाने कबड्डीच्या स्पर्धा ठरवल्या आणि समालोचन माझ्या गळ्यात पडलं. मी शहरात वाढलेला. शाळेत कबड्डीच्या तासाला पोटात दुखतं म्हणून बाकावर बसलेला. पण माईक हातात आला की मला कशाची भीती वाटत नसे.

वाडीच्या, म्हणजे कोरड्या नदीपात्राच्या काठी, डोंगराच्या पायथ्याशी एक मोकळा तुकडा होता. भाऊंच्या माणसांनी तिथले खडे वेचून काढले होते आणि टँकरचं पाणी मारून धूळ बसवली होती. सरावाच्या सामन्याला मी छोटा स्पीकर घेऊन गेलो आणि सुरुवात केली. वाघासारखी झेप, विजेसारखी चपळाई, रणांगण, शूरवीर, सगळं झालं. लोक खूश होते. दहा मिनिटांनी भाऊ लंगडत माझ्यापाशी आले.

"मास्तर, यात वाघ कुठं दिसला तुम्हाला?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"त्या बंगाली पोराने आत्ता काय केलं?"

"पकडलं त्याला."

"कुठं पकडलं?"

मला सांगता येईना. पाय असेल, बहुतेक.

"डाव्या कोपऱ्यावरून आत आला, घोटा धरला. सुटत होता, तेवढ्यात मध्यरक्षकाने धडक देऊन त्याला रेषेबाहेर ढकलला. दोघांचं काम हाय ते. तुम्ही वाघ बोललात, दोघांची मेहनत पाण्यात गेली." एवढं बोलून ते परत गेले.

मला राग आला होता. घरी, माबेला या उपनगरात परत जाताना पाऊण तास गाडीत मी स्वतःशी वाद घालत होतो, की लोकांना ऐकायला मजा आली ना, मग झालं. पण रात्री जेवताना बायकोने सहज विचारलं, "कोण जिंकलं? कसं?" आणि मला कसं ते सांगता आलं नाही. दोन तास माईकवर बोलून आलेलो मी.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत मी स्वतःच पाइपांपाशी गेलो. "भाऊ, मला शिकवा."

त्यांनी काही विचारलं नाही. सळईचा एक तुकडा उचलून मातीत मैदान आखलं. मग रोज अर्धा तास, हातात चहाचे कागदी कप, असं आमचं चालू झालं. ते फार बोलणारे नव्हते, पण या विषयात त्यांच्या तोंडून एकही शब्द सैल पडत नसे. एकाने मागून कंबरेला दोन्ही हातांनी आवळलं तर ती मगरमिठी. मांडी धरून उचललं तर पट काढला. दोघांनी हातात हात गुंफून अडवलं तर साखळी. नुसतं 'पकडलं' म्हणणं त्यांना चालत नसे. "तुमच्या हापिसात नुसता 'पाइप' बोललात तर चालंल का? किती इंची ते सांगायला लागंल ना?"

मैदानातल्या आडव्या रेषेला निदान रेषा का म्हणतात, हे मी विचारलं. चढाई करणाऱ्याला ती एकदा तरी ओलांडावीच लागते, नाहीतर तो बाद होतो, एवढं मला ठाऊक झालं होतं.

"सोपं हाय. निदान इथवर तरी जा," ते म्हणाले. "नायतर गेलो होतो असं कुणाला सांगू नको."

हा अर्थ कोशात असेल की नाही कोण जाणे. मी तेव्हापासून दुसरा शोधलेला नाही.

बघायचं कसं, हेही त्यांनीच शिकवलं. मी चढाई करणाऱ्याच्या हाताकडे बघायचो. "हात खोटं बोलतो. डोळा तर सगळ्यात जास्त. कंबर खोटं बोलत नाय. ती जिकडं वळंल तिकडं माणूस जाणार." पुढच्या सरावाला मी कंबर बघून समालोचन करायला लागलो. आणि खरोखर, काही वेळा हूल कुठे दिलीय आणि चढाई कुठे जाणार हे मला अर्धा क्षण आधी कळायला लागलं. सामना संपल्यावर भाऊ आले आणि म्हणाले, "आज खेळ ऐकू येत होता." माझ्या निवेदनाची इतकी नेमकी स्तुती कुणी केलेली नाही.

स्पर्धा एका शुक्रवारी सकाळी झाली. जुम्म्याच्या नमाजाआधी संपवायचं ठरलं होतं, कारण निम्मे खेळाडू आणि बरेच प्रेक्षक मशिदीत जाणार होते. भाऊंची टोळी अंतिम फेरीत आली. समोर माबेलाच्या तरुणांचा संघ होता, बँकेत आणि दुकानांत काम करणारी, जिमला जाणारी मुलं. पंच भाऊच. त्यांचाच संघ खेळत असताना तेच पंच कसे, असं एकाने विचारलं, तेव्हा माबेलाच्या कर्णधारानेच सांगितलं, "आम्हाला तेच हवेत." सेफ्टी ऑफिसर आपल्या दोन मुलांना घेऊन पहिल्या रांगेत बसला होता आणि कारण नसताना 'पकड, पकड' म्हणत होता.

शेवटचं मिनिट उरलं तेव्हा भाऊंची टोळी एका गुणाने मागे होती. चढाईला गेला तो एक उंच पंजाबी पोरगा, परांचीवर सगळ्यात वर चढणारा. समोर सहा गडी होते, म्हणजे बोनस मिळू शकत होता. त्यासाठी मागची बोनस रेषा एका पायाने ओलांडायची आणि त्या क्षणी दुसरा पाय हवेत हवा. एक गुण मिळाला तर बरोबरी. तो डावीकडे गेला, हूल दिली, उजवीकडे सरकला आणि त्याने लांब पाय टाकला. पाऊल रेषेपलीकडे पडलेलं मी स्वच्छ पाहिलं. तो मागे वळून हसत धावत सुटला.

"बोनस!" मी माईकवर म्हणालो. "बरोबरी!"

लोक उठले. टोळीने त्याला खांद्यावर घेतलं. आणि मग शिट्टी वाजली. भाऊंचा हात आडवा हलत होता. बोनस नाही.

गोंधळ झाला. माईकवर सगळ्यांनी ऐकलं होतं. बांगलादेशी कोपरारक्षक भाऊंसमोर हात जोडून काही सांगत होता. कोणीतरी मागून ओरडलं, की स्वतःच्या माणसांविरुद्ध निकाल देऊन मोठेपणा मिरवतोय. भाऊंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते लंगडत माझ्याकडे आले.

"मास्तर, मागचा पाय बघितला होता का?"

माईक चालू होता. मी पुढचा पाय पाहिला होता आणि त्यानंतर त्या पोराचा चेहरा. तो हसला म्हणून मी बोनस दिला होता.

"नाही," मी माईकवरच म्हणालो. "मागचा पाय मी पाहिला नाही. मी न पाहता बोललो. चूक माझी आहे."

तेव्हा खांद्यावरचा तो पंजाबी पोरगा खाली उतरला, रेषेपाशी गेला आणि जमिनीकडे बोट दाखवलं. ओल्या मातीत मागच्या पायाच्या अंगठ्याचा वीतभर ओरखडा उठलेला होता. "उस्ताद ठीक बोलता है," तो म्हणाला. "पैर घिसा था. मैंने सोचा किसी ने नहीं देखा."

खरं सांगायचं तर भाऊंना कौतुक त्या पोराचं जास्त वाटलं. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पुन्हा शिट्टी वाजवली. उरलेल्या अर्ध्या मिनिटात काही घडलं नाही. टोळी एका गुणाने हरली. माबेलाचा कर्णधार करंडक घ्यायला गेला तेव्हा आधी भाऊंच्या पाया पडला. त्यांना ते आवडलं नसावं, ते लगेच 'यल्ला यल्ला, चला, नमाजची वेळ झाली' म्हणत खुर्च्या उचलायला लागले.

त्यानंतर तीन हिवाळे आम्ही दोघांनी मिळून सामने केले. एकदा तर उन्हाळ्यात दक्षिणेला सलालाहलाही गेलो, तिथल्या पावसाळी हवेत, चिखलात, जिथे कोणाचा पाय घासला हे देवालाही सांगता आलं नसतं. भाऊंनी तिथे एकही बोनस दिला नाही आणि कोणी तक्रार केली नाही.

टाक्यांचं काम संपत आलं तसे त्यांचे जायचे दिवस जवळ आले. मी त्यांना म्हटलं, हे सगळे शब्द मला लिहून घेऊ द्या. त्यांना ते विचित्र वाटलं. खेळणाऱ्याला ठाऊक असतात आणि न खेळणाऱ्याला लागत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. तरी रोज थोडं थोडं सांगितलं. कधी शब्द सुचला नाही तर उठून, त्या दुखऱ्या गुडघ्यानिशी, ती हालचाल करून दाखवायचे आणि मग शब्द आपोआप यायचा. वहीची चाळीसेक पानं भरली. सुवाच्य अक्षरात एक प्रत काढून मी विमानतळावर त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती न उघडता हॅंडबॅगेत ठेवली.

महिन्याभराने गावाहून फोन आला. तिथल्या मुलींचा संघ ते शिकवायला लागले होते. मी तब्येत विचारली, गुडघा विचारला, त्यांनी सगळ्याला 'बरा हाय' म्हटलं.

"ती वही वाचली," मग ते म्हणाले. "पोरींनी वाचून दाखवली. चांगली हाय. पण बाराव्या पानावर तुम्ही चवडा लिहिलाय तिथं टाच पाहिजे. चवडा धरला तर माणूस सुटतो, मास्तर. तेवढं बदला."

मी फोन चालू असतानाच कपाटातून वही काढली, आणि बदललं.