मराठीच्या वर्गासाठी लिहिलेला अर्ज

आखातातल्या फिंतास गावच्या भारतीय शाळेतील मराठीचा वर्ग खर्च परवडत नाही म्हणून बंद करण्याचा विषय समितीपुढे आला, तेव्हा पालकांनी अर्जलेखनाचे काम माझ्यावर सोपवले. माझे शिक्षण आठवीपर्यंतचे; तथापि इथल्या लोकांचे अर्ज मीच लिहून देतो, आणि माझा अर्ज सहसा परत येत नाही. वजन यावे म्हणून मी जलीबच्या कामगार वस्तीतल्या खोल्यांमधून कोकणातल्या सुतार-गवंड्यांच्या चार पाने भरून सह्या आणल्या.

बैठकीच्या दिवशी समितीच्या खोलीबाहेरच्या बाकावर मला बसवेना. चिटणीस बाई अर्ज घेऊन बाहेर आल्या.

"काका, यांतल्या किती जणांची मुलं आपल्या शाळेत आहेत?"

"मुलं गावी आहेत. पण भाषा त्यांचीही आहेच ना?"

"मग गावच्या मुलांसाठी इथे शिक्षक नेमू?"

रत्नागिरीची एक आई शेजारीच होती. तिची लेक त्याच वर्गात शिकत होती. ती म्हणाली, "भाऊ, आम्ही अकरा पालक होतो की! तुमच्या गर्दीत आम्ही दिसलोच नाही."

मी भिंतीला कागद टेकवून दोन ओळींचा नवा अर्ज लिहिला. खाली त्या अकरा जणांच्याच सह्या घेतल्या. वर्ग एका वर्षापुरता राहिला. आता पुन्हा अंदाजपत्रकाची बैठक आहे, आणि सह्या नऊच होतात.