मामा आणि चौथा गट

अख्ख्या काशीत, आणि काशीत नाही म्हणजे त्रिभुवनात नाही, माझ्या मामांइतका हट्टी माणूस झाला नाही. गंगा इथे उत्तरेकडे वळते ती हिमालयाच्या ओढीने, असं शास्त्रीमंडळी सांगतात. मला विचाराल तर समोर मामा दिसले आणि वाद नको म्हणून ती वळली.

अमृतराव घाटाच्या वरच्या गल्लीत मामांची वेदपाठशाळा होती. पाठशाळा म्हणजे त्यांच्याच घराची ओसरी. तिथे दहा-बारा पोरं जटापाठ म्हणत. जटेत दोन पदं आधी सरळ म्हणायची, मग उलटी, मग पुन्हा सरळ, आणि तशीच गुंफत पुढे जायचं. हा क्रम मामांच्या हाडांत इतका मुरला होता की त्यांना शिंकसुद्धा जटेत येई असं मामी म्हणत. एकदा गंगेपलीकडच्या रामनगरला निघताना नावाड्याने विचारलं, "गुरुजी, जाना है कि आना-जाना?" मामा आपल्याच तंद्रीत म्हणाले, "जाना-आना, आना-जाना, जाना-आना." नावाडीही भोळा. त्याने दिवसभर सांगितल्या क्रमाने नाव नेली-आणली. मामा सूर्यास्ताला घरी आले ते रामनगरच्या मातीला पाय न लावता, पण क्रम चुकला नाही म्हणून अत्यंत प्रसन्न!

इंग्रजांचं राज्य होतं, आणि राज्य करणाऱ्याला रिकामा वेळ फार. कुणा साहेबाच्या डोक्यात आलं की पाठशाळांना सरकारी मान्यता हवी असेल तर गुरुजींनी बुद्धीची परीक्षा द्यावी, तीही इंग्रजी अक्षरांची. मान्यता नसली तर तिथल्या शिक्षणाला सरकारदरबारी किंमत शून्य; मग आईबाप पोरं ठेवतील कशाला? मी इंग्रजी शाळेत मास्तर, म्हणून मामांना एबीसी शिकवण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी म्हणायचो, "ए, बी, सी." मामा म्हणायचे, "ए-बी, बी-ए, ए-बी. हां, आता पुढचं." त्यांच्या मते मी बी.ए. झालो तो अर्धाच रस्ता होता. उलटून पुन्हा ए.बी. व्हायचं राहूनच गेलं होतं. झेडपर्यंत पोचायला आम्हाला अख्खा उन्हाळा लागला, आणि शेजारचा पोपट मामांच्या आधी पोचला.

परीक्षेच्या दिवशी मी सोबत गेलो. कागदावर अक्षरांचे चार गट होते: ए-बी-ए-बी-ए-बी, सी-डी-सी-डी-सी-डी, पी-क्यू-पी-क्यू-पी-क्यू, आणि चौथा एल-एम-एम-एल-एल-एम. बाकीच्यांशी न जुळणारा गट खोडायचा होता. शेंबडं पोरही चौथा खोडील. मामांनी पहिले तीन खोडले आणि चौथ्याखाली ठसठशीत लिहिलं, 'शुद्ध'.

साहेबाने कागद उलटसुलट करून पाहिला. "पंडितजी, जो अलग है वह काटना था. आपने तो तीन काट दिए!"

"तीनों गिरे हुए हैं साहब. पाठ में एक चौथा ही खड़ा है: सीधा, उल्टा, सीधा."

"मगर तीन एक जैसे हैं!"

"तीन जने मिलकर एक ही गलती करें तो वह वेद हो जाएगी क्या?"

साहेब इतक्या मोठ्याने हसला की छतावरची माकडं दचकून पळाली. माणूस वाईट नव्हता. त्याने त्याच प्रश्नाचा नवा कागद पुढे केला आणि चौथ्या गटावर बोट ठेवलं. "सिर्फ एक लकीर, पंडितजी. बाकी मैं देख लूँगा."

मी मामांच्या कानाशी लागलो. "मामा, मारा ना एक रेघ! पोरं जातील हो सगळी. ओसरी ओस पडेल."

"आणि रेघ मारून घरी गेलो तर शिकवू काय त्यांना?" मामा म्हणाले. "रोज घसा फोडून म्हणवून घेतो, तेच साहेबापुढे खोडून आलो, असं सांगू? जातील तर जाऊ देत. शुद्ध घेऊन जातील." त्यांनी टाक खाली ठेवला, उपरणं झटकलं आणि कुणाचा राजवाडा जिंकल्यासारखे बाहेर पडले.

मान्यता गेली. दिवाळीपर्यंत पोरंही गेली, एकेक करून, पाया पडून. मामांनी कुणाला अडवलं नाही. "वाटेत म्हणत राहा रे," एवढंच सांगत.

पण जटा एकट्याची नव्हे. एकाने म्हणायचं, समोरच्याने पुढचं उचलायचं. मामा पहाटे नेहमीच्या जागी बसत, आपला भाग म्हणत आणि थांबत. समोर कुणी नसे. मग स्वतःच पुढचं म्हणत, पण आवाज खाली येई. गल्लीत कुणाला तो खंड ऐकवत नसे.

एका सकाळी मामा असेच थांबले, आणि स्वयंपाकघरातून पुढचं पद आलं. मामी! चुलीपुढे बसून तीस वर्षं ऐकलेलं ते. दोन दिवसांत गल्लीतली वैदिक मंडळी शेंड्या सावरत दारात हजर. "बाईमाणसाने वेद म्हणायचा? काशीत? बुडालं सगळं!"

"ज्यांना ऐकवत नाही त्यांनी रामनगरला राहायला जावं," मामा ओसरीवरून गरजले, "आणि तिथवर ऐकू येतं का, ते मला येऊन सांगावं. कमी पडत असेल तर तिला आवाज चढवायला सांगतो!" मंडळी गेली. मामींनी आवाज चढवला.

पुढे कितीतरी सकाळी मी तिथे बसलो. एकदा मामी चुकल्या. उलटं म्हणायचं ते सरळच म्हणून मोकळ्या झाल्या. मलासुद्धा कळावी इतकी ढोबळ चूक. चुकलेल्याला जागीच थांबवून पहिल्यापासून म्हणायला लावायचं, हा मामांचा जन्माचा नेम. त्यात त्यांनी सख्ख्या भावालाही सोडलं नव्हतं. मांडीवर ताल धरणारा त्यांचा हात थबकला. आत फोडणी चुरचुरत होती, बांगड्या वाजत होत्या.

मामांनी डोळे मिटले आणि पुढचं पद उचललं.