राघूचा उष्टा पेरू

चांगुणाची लेक झुंबर जन्मापासून बोलत नव्हती, आणि चांगुणा हार मानणारी बाई नव्हती. देवऋषी झाला, अंगारे झाले, नवस झाले. मग कुणीतरी सांगितलं, राघूनं उष्टावलेला पेरू खाल्ला की मुकं लेकरू बोलतं. श्रीरामपूरकडच्या बागांत ती खुरपायला जायची. चोच मारलेला पेरू दिसला की उचलायची, पदराला पुसून लेकीच्या ओठांना लावायची. "बोल गं माजे बाई." कुणी हसलं तर त्याची धडगत नसायची.

बागवाल्याची बायको म्हणाली, "नगरला कानाच्या डॉक्टरला दाखव."

"जीब अडलीया हिची! कानाचा डाक्टर काय करनार?" चांगुणा तिच्यावरही खेकसली. तरी एका हिवाळ्यात लेकीला घेऊन गेलीच.

डॉक्टरांनी झुंबरच्या पाठीमागं थाळी वाजवली. पोरगी खिडकीतलं ऊन बघत राहिली.

"जीभ चांगली आहे, बाई. हिला ऐकूच येत नाही. तान्ही असताना आणली असतीत, तर बोलायला शिकवणारे होते. आता फार उशीर झाला."

एस.टी.त चांगुणा गप्प होती. गावात उतरली तरी तिच्या तोंडून शब्द फुटेना. बागेच्या कडेनं चालताना झुंबर सारखी आईच्या ओठांकडं बघत होती. एकाएकी ती कुंपणातून आत शिरली आणि झाडांखाली वाकून काहीतरी शोधू लागली.

परत आली तेव्हा तिच्या हातात चोच मारलेला पेरू होता. तिनं तो परकराला नीट पुसला आणि आईच्या ओठांना लावला.