साळूबाईचं ‘चुकलं’

कर नाही त्याला डर कशाला, असं म्हणतात. म्हणणाऱ्याने वकिलाची नोटीस कधी हातात धरली नसावी. तासगावच्या साळूबाईने धरली आणि तिच्या पाचावर धारण बसली.

साळूबाई एका शेडवर बेदाणा निवडते. बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून बंद खोलीत गंधकाची धुरी देतात, आणि धूर निवळला की मग बायांनी आत जायचं. यंदा मालकाला घाई. धूर कोंडलेला असतानाच त्याने बायांना आत पिटाळलं आणि शेजारी निवडणारी हरणाबाई कोसळली. साळूबाईने तिला ओढून बाहेर काढलं. संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घडलं ते सगळं आपल्या आवाजात बोलून टाकलं, मालकाच्या नावानिशी. एक शब्द पदरचा नाही.

नोटीस आली: खोटी बदनामी केली, माफी मागा, नाहीतर फौजदारी. दारावरून नुसती मोटरसायकल गेली तरी साळूबाईला वाटायचं, आले पोलीस. थापायला घेतलेली भाकरी हातातच राहायची.

थोरले दीर आण्णा म्हणाले, "आगं, चुकलं म्हन आन् मिटीव. चुकलं म्हनल्यानं आंगाला भोकं पडत्यात व्हय?"

आमच्याकडे ‘चुकलं’ हे चुकलेल्यानेच म्हणायचं असतं, असं थोडंच आहे! सुनेने सासूला म्हणायचं, धाकट्याने थोरल्याला. पाया पडतात तसंच ते. साळूबाईने जन्मभर हेच केलं होतं. तिने ग्रुपवर बोलून टाकलं, "मालक, चुकलं माजं. पदरात घ्या."

मालक कसला पदरात घेतोय! त्याने फौजदारीची धमकी तशीच ठेवली आणि वर तिचा तोच आवाज गावोगावच्या ग्रुपांवर फिरवला. बघा, बाई स्वतःच कबूल करते, खोटं बोलले म्हणून. हरणाबाईने तर वाटेत तिला गाठलं. "तू चुकलं म्हनलीस. मंग मी काय नाटक करून पडले?" त्यानंतर तिने बोलणंच टाकलं.

तेव्हा कुठे साळूबाई सांगलीला, विश्रामबागेत पल्लवी वकिलीणबाईंकडे गेली.

"मावशी, खरं असेल आणि लोकांच्या भल्यासाठी सांगितलं असेल, तर ती बदनामी होत नाही," वकिलीणबाई म्हणाल्या. "पण खरं आहे हे कोर्टात दाखवावं लागतं. आणि तुम्ही तर चुकलं म्हणून बसलात."

"आवं, त्ये मान ठिवून म्हनलं."

"कोर्टाला कसं कळणार ते? जी बाई पडली, ती साक्ष देईल?"

साळूबाई नोटिशीची घडी पिशवीत घालून उठली. परतीच्या एसटीत खरं बोलूनही आपणच खोटे ठरणार आणि वर तुरुंगात जाणार, एवढंच डोक्यात.

घरी आल्यावर तिने मोबाइल घेतला. "मी साळूबाई बोलतीया. चुकलं म्हनले त्ये मोठ्यांचा मान म्हनून. धूर खराच हुता. हरणाबाई माज्यासमोर पडली. आता काय करायचं त्ये करा. मला लय भ्या वाटतंय, पर ह्ये खरं हाय."

आण्णांचा फोन वाजत राहिला, तिने उचलला नाही.

मग ग्रुपवर एक आवाज आला. आधी नुसता खोकला, बराच वेळ. "मी हरणाबाई. धुरात पडलेली बाई मीच. साळू, कोर्टात कवा जायाचं त्ये सांग. येकटी जाऊ नगंस."