चित्राबाईंनी दिलेलं मत

चित्राबाई सबनीस लग्न होऊन साताऱ्याहून जयपूरला आल्या, त्याला एकतीस वर्षं झाली. नवरा चंद्रकांत विमा कंपनीत. त्यांची दोनदा बदली झाली, पण बाईंनी जवाहर नगरातलं घर सोडलं नाही आणि मुलींच्या कॉलेजातली रसायनशास्त्राची नोकरीही नाही. बाई फटकळ, पण मुलींसाठी जीव टाकणाऱ्या. मोठा घूंघट ओढून प्रवेशासाठी आलेल्या सुनांना त्या तोंडावर सांगत, "चेहरा देवानं झाकायला नाही दिला." बुरख्याबद्दलही त्यांचं हेच मत होतं, आणि ते मनापासूनचं होतं.

तहसीन दुसऱ्या वर्षाला होती. सांगानेरच्या, ठशांनी कापड छापणाऱ्या घरातली. बसनं यायची तेव्हा नुसते डोळे दिसत. प्रयोगशाळेत आली की नकाब काढून पिशवीत ठेवायची, मग तिच्याइतका नेमका हात वर्गात कुणाचा नव्हता. ओळखपत्र तपासायचं असलं की चित्राबाई स्वतः तिला आडोशाला नेत. कुणाचं काही अडत नव्हतं.

त्या हिवाळ्यात टीव्हीवर नकाबबंदीवरून रोज भांडणं सुरू झाली. कॉलेजच्या फाटकाशी काही लोक नकाबाविरुद्ध घोषणा देऊन गेले. प्राचार्यांनी घाईघाईनं बैठक बोलावली. चेहरा झाकून आवारात यायचं नाही, असा नियम करावा का? सगळे खाली माना घालून बसले. चित्राबाई उठल्या.

"मुली मोकळ्या व्हाव्यात असं वाटत असेल, तर सुरुवात कुणीतरी केलीच पाहिजे."

घोषणा देणाऱ्यांशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. पण ठराव झाला तो त्यांच्या बोलण्यानं.

सोमवारी फाटकात पुरुष रखवालदार उभा, रस्त्यापलीकडे मोबाइल रोखून दहाबारा जण. तहसीन थोडा वेळ तिथंच थांबली आणि परत फिरली.

पंधरा दिवस वाट पाहून चित्राबाई सांगानेरला तिच्या घरी गेल्या. आईनं चहा केला. रागाचा एक शब्द काढला नाही. "मॅडमजी," ती म्हणाली, "हिच्या चाचांना किती मुश्किलीनं राजी केलं होतं मी. पर्दे में सही, पढ़ तो रही थी."

तहसीन भिंतीला टेकून उभी होती. "नकाब मी माझ्या मर्जीनं घालत होते, असं नाही म्हणणार मॅडम. पुढे काढला असता का, तेही माहीत नाही. पण त्याचा विचार मी करत होते. तुम्ही एकदा मला विचारायचं होतं."

बाई कप खाली ठेवून उठल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्राचार्यांना पत्र दिलं: फाटकाशी एक खोली द्या, बाई नेमा, तपासणी तिथं करा. "आता मागे घेतलं तर गहजब होईल, आणि बोलला होतात तुम्हीच," प्राचार्य म्हणाले. पत्र फाइलीत गेलं. तहसीननं बाहेरून परीक्षा द्यायची म्हणून बी.ए.चा फॉर्म भरला. विज्ञान घरी बसून करता येत नाही.

मे महिन्यात चित्राबाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात कुणीतरी त्यांच्या त्या दिवशीच्या धाडसाचं तोंड भरून कौतुक केलं. टाळ्या वाजल्या. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून बाई माइकपाशी गेल्या. समोर ओळखीचे, हसरे चेहरे होते. त्यांनी सगळ्यांचे आभार मानले आणि खाली येऊन बसल्या.