दाढीनंतरची आग

माझी पहिली नोकरी आमच्या कानडी मुलखात, बेळगोळच्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात, रंगखात्यात होती. तिथं रोज गुळगुळीत दाढी करून जावंच लागे. तोंडावर रबरी मास्क चढवायचा असे आणि गालावर खुंट असले की तो नीट चिकटत नसे, रंगाची वाफ आत शिरे. सुपरवायझर फाटकापाशीच हनुवटी बघायचा.

माझा चेहरा आधीच तेलकट. सकाळी उठलो की कपाळ असं चकाकायचं, जणू कुणी रात्री तेल चोळून ठेवलंय. त्यावर रोजची दाढी सुरू झाली आणि महिन्याभरात गळ्यावर, जबड्याच्या कडेला लाल पुळ्या उठल्या. ब्लेड फिरलं की आग व्हायची. त्या जळत्या गालावर आठ तास रबर. संध्याकाळी मास्क काढताना मी डोळे मिटून घ्यायचो.

दाढी मला अप्पांनी शिकवली होती. अप्पा शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. पहाटे न्हाणीघरात गार पाण्याचा तांब्या, साबण, ब्रश, मग एक सुलटा हात, एक आडवा आणि शेवटी उलटा. वरून तुरटी. पंचेचाळीस वर्षांत त्यांचा एक दिवस चुकला नव्हता. मी एकदा म्हटलं, "अप्पा, फार चुरचुरतंय हो. रोज नको वाटतं."

"घोडदळातल्या लोकांचं घराणं आपलं," ते म्हणाले. "सुम्ने दाढीला भिऊन बसायचं?"

सुम्ने म्हणजे उगाच. आमच्या घरच्या मराठीत असे कानडी शब्द पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आहेत. तेल जावं म्हणून दिवसातून पाच वेळा साबणानं तोंड धुवायला लागलो. त्यानं चेहरा तासभर कोरडा व्हायचा, ताणल्यासारखा, आणि मग दुप्पट तेल सुटायचं.

शेवटी घराजवळच्या औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि एक छोटी ट्यूब पुढे केली. "दाढी झाली की लावा. तीन दिवसांत बघा." मी डॉक्टरला विचारलं नाही, दुकानदारानं चिठ्ठी मागितली नाही.

तीन दिवसही लागले नाहीत. दुसऱ्याच सकाळी आग थांबली. आठवड्यात पुळ्या गेल्या, गाल मऊ झाले, रंगसुद्धा उजळला. आई म्हणाली, "आता कसा माणसात आलास." मी ट्यूब आरशाखालच्या फळीवर ठेवली आणि रोज लावत राहिलो. संपली की दुसरी आणायचो. असे नऊ-दहा महिने गेले.

माघात आई, अप्पा आणि मी टी. नरसीपूरला संगमावर स्नानाला गेलो. गर्दी होती, नंबर लागेपर्यंत तासभर उन्हात उभं राहावं लागलं; अप्पांनी उपरणं तोंडावरून ओढून घेतलं होतं. अर्ध्या तासातच माझा चेहरा तापू लागला. नदीत बुडी मारली तेव्हा गालांवर पाणी नाही, मीठ पडल्यासारखं वाटलं. वर आलो तर आई माझ्याकडे बघतच राहिली. तिनं पदराचं टोक भिजवून माझ्या गालावर ठेवलं आणि लगेच उचललं, कारण मी कळवळलो होतो. परतीच्या बसमध्ये काचेत मला माझा चेहरा दिसला. सुजलेला, भाजल्यासारखा लालभडक, आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक लाल शिरांची जाळी. ती जाळी आदल्या दिवशीही असणारच. मी रोज आरशासमोर उभा राहत होतो आणि मला ती दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी चामडीच्या डॉक्टरकडे गेलो. मध्यम वयाच्या बाई होत्या. त्यांनी भिंग लावून गाल तपासले आणि पहिलाच प्रश्न केला, "कोणती ट्यूब लावता?"

मी नाव सांगितलं.

"किती दिवस?"

"दहा महिने असतील."

त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं. "ते गजकर्णाचं मलम आहे. त्यात स्टेरॉइड आहे, तेही जोराचं. चेहऱ्याला आठ दिवससुद्धा लावू नये. तुमची कातडी कागदासारखी पातळ झाली आहे."

ज्यानं मला बरं केलं असं मी समजत होतो, तेच गाल खात होतं. बाई पुढं सांगत होत्या. बंद केल्यावर आधी वाढेल, खूप आग होईल, पण पुन्हा ट्यूबला हात लावायचा नाही. दाढी दीड महिना नाही. मग उठता उठता त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणी लावत नाही ना?"

"नाही," मी ठामपणे सांगितलं.

घरी आलो तो थेट न्हाणीघरात गेलो. ट्यूब फेकून द्यायची होती. फळीवर ती नव्हती. चार दिवसांपूर्वीच नवी उघडली होती. आईला विचारलं, तिला माहीत नव्हतं. तेवढ्यात अप्पा त्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. हातात ट्यूब होती, अर्ध्यापर्यंत गुंडाळलेली.

"माझ्याजवळ आहे," ते म्हणाले.

खिडकीतला उजेड त्यांच्या चेहऱ्यावर सरळ पडला होता. गालांवर तीच जाळी होती, माझ्यापेक्षा दाट. गेले काही महिने ते लाल दिसत होते, हे आम्हाला दिसत होतं. आईनं ते रक्तदाबावर ढकललं होतं, त्यांचं मीठ कमी केलं होतं. मी वय म्हणून सोडून दिलं होतं.

"कधीपासून लावताय?"

"तू दुसरी आणलीस तेव्हापासून. तुझा गाल शांत झालेला बघितला. म्हटलं बघावं स्वल्प लावून."

"पण तुम्हाला कशाला? तुमची कुठं आग होते?"

"होते. कॉलेजात होतो तेव्हापासून होते. वर्गात पहिला तास मी फळ्याकडे तोंड करून काढायचो. मुलांना वाटायचं मास्तर चित्रात गढलेत."

आई दारातच खाली बसली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती आणि हे ती पहिल्यांदा ऐकत होती.

"मग मला तसंच का शिकवलंत?" माझा आवाज चढला होता. "तीनदा हात फिरवायला?"

"माझ्या अप्पांनी मला तसंच शिकवलं," ते म्हणाले. "त्यांचीही कदाचित आग होत असेल. मला वाटायचं, दाढी म्हटली की हे असायचंच. सगळेच सोसतात, कुणी बोलत नाही."

मला त्यांच्यावर रागवायचं होतं, पण समोर उभ्या असलेल्या माणसाचे गाल माझ्यासारखेच जळत होते आणि ती ट्यूब मीच घरात आणली होती. दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन त्याच बाईंकडे गेलो. बाईंनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि दोन चिठ्ठ्या लिहिल्या.

पुढचे सहा आठवडे वाईट गेले. बाईंनी सांगितलं होतं तसं सगळं झालं. गाल सुजले, पाणी सुटलं, रात्री पंख्याचा वारासुद्धा टोचायचा. कारखान्यात डॉक्टरची चिठ्ठी दाखवल्यावर मला पॅकिंगला बसवलं. अप्पा घराबाहेर पडेनात. दोघांच्याही दाढ्या वाढल्या. त्यांची पांढरी, माझी काळी. एके सकाळी शेजारच्या मावशी हळू पावलांनी आल्या आणि आईला बाजूला घेऊन कानडीत विचारलं, "यार होदरु?" कोण गेलं, म्हणून. बापलेक दोघं दाढी वाढवून बसलेत म्हणजे घरात सुतक, असंच त्यांना वाटलं. आईनं त्यांना आत बसवून कॉफी दिली आणि सगळं खरं सांगितलं. मावशी कॉफी अर्धी ठेवून उठल्या. त्यांच्या मुलीच्या कपाटातही तसलीच एक ट्यूब होती.

दीड महिन्यानंतर बाईंनी दाढीची परवानगी दिली, पण आधी कशी करायची ते सांगितलं. आंघोळीनंतर, केस मऊ असताना. कोमट पाणी. केस ज्या दिशेला वाढतात त्या दिशेनं एकच हात, दाबायचं नाही, उलटं तर नाहीच. तुरटी बंद. तेलकट असला तरी चेहऱ्याला साधं, वास नसलेलं क्रीम लावायचं, साबण थोडा. अप्पांनी ते सगळं चित्रकलेच्या जुन्या वहीत लिहून घेतलं. एका पानावर चेहरा काढून केस कुठल्या दिशेनं वाढतात ते बाणांनी दाखवलं. गळ्यावरचे बाण वर जात होते.

"इतकी वर्षं मी इथं सुलटा समजून उलटाच हात फिरवत होतो," ते गळ्यावर बोट ठेवून म्हणाले.

मास्क मी पुन्हा घातला. सकाळी थोडं चुरचुरतं कधी कधी, कपाळ अजून चकाकतं, पण आग नाही. माझ्या गालावरची जाळी वर्षभरात बरीच पुसली. अप्पांची गेली नाही, वयामुळं जाणारही नाही असं बाई म्हणाल्या. ते आता एक दिवसाआड दाढी करतात. उन्हात निघाले की आई त्यांच्या हातात छत्री देते आणि ते ती उघडूनच पायरी उतरतात.